रेघ जाते, पण काय घेऊन जाते?

दिवाळी आली की खानदेशात घराला रंग आणि मोटारीला पॉलिश ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात निघतात. दसऱ्याची झेंडूची माळ उतरवताना टपावर दोन बारीक रेघा दिसतात, आणि शेताच्या वाटेवरच्या बाभळीने दारावर ओढलेली तिसरी तर लपवावी म्हटले तरी लपत नाही. भाऊबीजेला पाहुणे यायचे! मालक लगबगीने पेंटरकडे जातो. "भाऊ, हाई रेघ जाई का?" उत्तर ठरलेलेच: "जाई ना!" त्या 'जाई ना'चा अर्थ यंदा जरा उलगडून पाहू.

घासल्याने रेघ भरून निघते, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक ती भरत नाही. शेतात चर पडला तर बाहेरून माती आणून बुजवता येतो. येथे बाहेरची माती नाही. म्हणून चराभोवतालची जमीनच त्याच्या तळापर्यंत खरवडायची, म्हणजे चर दिसेनासा होतो! जळगावकरांना हे वेगळे सांगायला नको. सराफ बाजारात पाटल्या घासूनपुसून उजळून आणल्या, तर त्या चमकतात खऱ्या. पण काटा हळवा असेल तर वजन कणभर उतरलेले दिसते. मोटारीला असा काटा नाही, म्हणून हिशेब कोणी ठेवत नाही, इतकेच.

आणि खरवडायला आहे तरी किती? आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी अस्तर, मग रंग, आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. चकाकी त्याचीच, आणि आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हापासून खालचा रंग जपणाराही तोच. तो फार झिजला की पापुद्रे सुटू लागतात. मग पॉलिश कामाला येत नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

जुन्या अँबॅसडरवाल्यांचा अनुभव निराळा होता. त्या गाड्यांना वरचा पारदर्शक थर नसे. घासले की गाडीचा रंग फडक्याला लागे. त्याहीपूर्वी, 1923-24 च्या सुमारास, अमेरिकेत मोटारींसाठी झटपट वाळणारा लॅकर आला. त्यातला मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज; तो सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून तयार होतो. म्हणजे मोटारीची चकाकी आणि आपली कपाशी यांचे गोत्र एकच निघाले!

आता उपाय. प्रथम रेघेची परीक्षा करावी. रेघ पाण्याने ओली करावी; दिसेनाशी झाली, तर ती बहुधा वरच्या थरातच आहे. मग नख आडवे फिरवावे. अडकले नाही तर काम घरी होण्यासारखे आहे. अडकले तर हट्ट न करता पेंटरकडे जावे. कित्येकदा रेघ म्हणजे दुसऱ्या गाडीचा वर चिकटलेला रंगच असतो. तो थोडक्यात निघतो.

गाडी सावलीत उभी करावी, पत्रा थंड होऊ द्यावा, भरपूर पाण्याने आणि गाडीच्या शांपूने धुवावी. मग बारीक पॉलिश मऊ मायक्रोफायबर फडक्यावर वाटाण्याएवढे घेऊन वीतभर जागेतच, हलक्या हाताने फिरवावे. सर्वांत सौम्य पॉलिशने आरंभ करावा आणि दर वेळी पुसून, तिरप्या उजेडात पाहावे. कडा आणि उंचवटे जपावेत; तेथे थर लवकर झिजतो. शेवटी मेणाचा हात द्यावा.

दारांमधल्या खांबांवरचे आणि जाळीचे चकचकीत काळे प्लॅस्टिक पत्र्याहून नाजूक. त्याला प्लॅस्टिकचेच अतिसौम्य पॉलिश लावावे. टूथपेस्ट दातांसाठी असते. तिचे खर रंगाच्या मापाचे नसतात. रॉकेलच्या बोळ्याने येणारी चमक तर तेलाची. ती दुपारपर्यंत टिकते आणि संध्याकाळपर्यंत धूळ गोळा करते.

धुळीवरून आठवले. धुळ्याचे नाव कशावरून पडले, हा वाद आम्ही राजवाडे संशोधन मंडळाच्या पंडितांवर सोपवतो. पण धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला पोचलेल्या गाडीवर काय बसते, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, आणि गारगोटी पोलादी चाकूच्या पात्यालाही ओरखडा काढते. अशा गाडीवर रोज सकाळी कौतुकाने कोरडे फडके मारणे म्हणजे तिला काचकागदाने कुरवाळणे होय. उन्हात गोल गोल जाळे दिसते ना, ते बाभळीचे काम नव्हे. आपल्याच मायेच्या हाताचे आहे.

तेव्हा पाणी आधी, फडके मागाहून. आणि दर दिवाळीला सबंध गाडी घासून घेण्याचा नेम असेल, तर तो सोडावा. पाच पावलांवरून न दिसणारी रेघ खुशाल राहू द्यावी. पाहुणे फराळाला येतात. भिंग घेऊन येत नाहीत.