खरखरीत आवाजाची संहिता

लोकगीत वर्गात येते तेव्हा त्याचा आवाज बाहेरच राहतो, अशी आमची तक्रार आहे. छापील ओळी, खाली कठीण शब्दांचे अर्थ आणि शेवटी ‘लोकजीवनाचे दर्शन’ या मथळ्याचा एक प्रश्न. गाणारीचा श्वास कुठे तुटला, ओळ दुसरीने कुठे उचलली, याची नोंद कुठेही नसते. या प्रघाताने आपण काय गमावतो हे समजून घेण्यास एक जुना इंग्रजी अल्बम उपयोगी पडेल.

१९६५ साली टॉपिक रेकॉर्ड्सने ‘फ्रॉस्ट अँड फायर’ प्रसिद्ध केला. हल या बंदराच्या शहरातील वॉटरसन मंडळींचा हा पहिला अल्बम. नॉर्मा, माइक आणि लाल ही भावंडे व त्यांचा नातलग जॉन हॅरिसन. चार कंठ, वाद्य एकही नाही. गाणी वर्षाच्या चक्रानुसार लावलेली आहेत. हिवाळ्यात दारोदार जाऊन गायची, ईस्टरची, मे महिन्याची, सुगीची आणि पुन्हा हिवाळ्याची. आवाज मुद्दाम गोड केलेले नाहीत. ते एकमेकांना घासतात, टोकदार राहतात. ‘जॉन बार्लीकॉर्न’मध्ये सातूचे पीक माणूस होऊन कापले, झोडपले, दळले जाते. मऊ गळ्यातून हेच गीत गोंडस बालगीत वाटले असते. इथे खरखर ही अर्थाचाच भाग आहे.

या अल्बमसोबतचे टिपण ए. एल. लॉइड यांनी लिहिले. या गीतांत त्यांना ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचे अवशेष दिसले. पुढील अभ्यासकांनी असे दावे बव्हंशी अमान्य केले. टिपण जुने झाले. आवाज मात्र आजही ताजा आहे. आपण वर्गात नेमके उलटे करतो. टिपण जपतो आणि आवाज टाकून देतो.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांशेजारच्या सरावलीतून पाहता ही गोष्ट परकी राहत नाही. महदंबेचे ‘धवळे’ मराठीचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. तेराव्या शतकातील आद्य कवयित्री, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गीते, असे दोन गुणांचे उत्तर त्याला पाठ असते. पण पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्न लावणाऱ्या स्त्रीस ‘धवलेरी’ म्हणतात, हे त्यांपैकी कितींना सांगितले जाते? तिथे गीत हे लग्नाचे मनोरंजन नाही. तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाही. ज्या शब्दाची व्युत्पत्ती आपण फळ्यावर लिहितो, तो शब्द वाडीवर अजून काम करतो आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विधीतले गीत मुद्रित केले की त्याची वस्तू होते. वारली चित्रांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. भिंतीवरची चित्रे कपांवर आणि साड्यांवर गेली, काढणाऱ्यांची नावे बहुधा मागेच राहिली. शिवाय वॉटरसन मंडळींनी बरीचशी गाणी इतरांच्या संग्रहांतून शोधून पुन्हा गायिली होती. धवलेरीला असे पुनरुज्जीवन नको आहे. तिचे गाणे तिच्याच घरचे आहे. म्हणूनच मुद्रण करायचे तर तिच्या संमतीने, तिच्या नावाने, आणि अर्थही आधी तिने तिच्या बोलीत सांगितलेला असावा. जे गीत बाहेर जाऊ नये असे ती म्हणेल, ते जाऊ नये.

आमची मागणी मोठी नाही. लोकसाहित्याच्या तासाला पुस्तक उघडण्यापूर्वी गीत ऐकवले जावे, आणि ऐकताना जे अडले त्यावर चर्चा व्हावी. खरखर, पुनरुक्ती, लांबलेला स्वर यांना ‘ओबडधोबड’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने संहितेचा निम्मा भाग वाचलेलाच नाही, असे आम्ही मानतो. ‘धवळे’ शिकवणाऱ्या अध्यापकांनी एकदा धवलेरीचा शोध घ्यावा. पालघर-बोईसरकडच्या वर्गांना त्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.