सोळा कोअरचा सर्व्हर सोळापट वेगवान का नसतो?

१६ जुलै २०२१ ला दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची वेबसाइट बसली. मुंबईपासून आमच्या आसनगाव-शहापूरपर्यंत मुलं तासन्‌तास पेज रिफ्रेश करत होती. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी चौकशीचे आदेश दिले. साइट बसली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: मोठा सर्व्हर घ्या! साइट बसायला डेटाबेस, नेटवर्क, कोड अशी बरीच कारणं असतात. पण ‘मोठा सर्व्हर’ हा प्रत्येक वेळी इलाज नसतो.

सर्व्हरमधले प्रोसेसर कामाला लावतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बहुतेक वेब सर्व्हरवर लिनक्स कर्नल असतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच. आता समजा, तिकिटाच्या चार खिडक्या आहेत, पण शिक्का एकच. रांगा चार झाल्या तरी शिक्क्यासाठी सगळे थांबणारच. कर्नलमध्ये या शिक्क्याला ‘लॉक’ म्हणतात. हिशोब करून बघा: कामाचा फक्त १० टक्के भाग असा एकेकट्याने करावा लागत असेल, तर १६ कोअर लावूनही वेग जास्तीत जास्त ६.४ पट होतो. कितीही कोअर वाढवा, १० पटीच्या पुढे जात नाही.

हे जगाला १९९९ मध्ये दिसलं. माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीने चार प्रोसेसरच्या डेल सर्व्हरवर विंडोज एनटी आणि लिनक्सची तुलना केली. वेब सर्व्हर म्हणून एनटी ३.७ पट वेगवान निघालं. चाचणीचे पैसे मायक्रोसॉफ्टने दिले होते, म्हणून लिनक्सवाले भडकले. पण लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन पुन्हा चाचणी झाली, तरी एनटीच पुढे राहिलं.

मग दोष शोधले गेले. एक म्हणजे नेटवर्कचं काम चारही प्रोसेसरवर नीट वाटलं जात नव्हतं. दुसरा मजेशीर आहे. आसनगाव स्टेशनबाहेर एक प्रवासी आला आणि स्टँडवरच्या सगळ्या रिक्षा एकदम स्टार्ट झाल्या, तर? भाडं एकालाच मिळणार, बाकीच्यांचं पेट्रोल फुकट. एक कनेक्शन आलं की वाट बघत बसलेल्या सगळ्या प्रोसेस जाग्या होत, तसंच हे. पॅचने नियम केला: नंबर असेल त्यालाच उठवा. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलमध्ये या सुधारणा आल्या. २०१३ मध्ये ३.९ कर्नलने प्रत्येक प्रोसेसला एकाच पोर्टवर स्वतःची वेगळी रांग ठेवायची सोय दिली.

हे काम अजून चालूच आहे. जानेवारी २०२५ च्या ६.१३ कर्नलमध्ये वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधनातून आलेला सुमारे ३० ओळींचा बदल आहे. ट्रॅफिक जास्त असताना प्रत्येक पॅकेटसाठी प्रोसेसरला हाक मारायची नाही, त्यानेच येऊन गठ्ठ्याने उचलायचं. गर्दी ओसरली की पुन्हा जुनी पद्धत. यामुळे डेटा सेंटरची वीज ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असं विद्यापीठ म्हणतं. अर्थात हा फायदा नेटवर्कचा भार मोठा असलेल्या कामातच दिसतो.

म्हणूनच पॅच लावला आणि ‘फास्ट वाटतंय’ म्हणून सोडून दिला, असं चालत नाही. मशीन तेच ठेवायचं, एका वेळी एकच पॅच बदलायचा आणि १, २, ४, ८ कोअरवर तीच चाचणी अनेकदा घ्यायची. नुसती सरासरी बघून भागत नाही. १०० पैकी ९९ जणांना पान पटकन दिसलं, पण शंभराव्याला ३० सेकंद लागले, तर सरासरीत तो लपून जातो. दहावीला १५ लाखांच्या आसपास मुलं असतात. त्यातला १ टक्का म्हणजे १५ हजार मुलं!

त्यामुळे निकालाच्या आधी ‘सर्व्हरची क्षमता वाढवली’ अशी बातमी आली, तर एवढंच विचारा: एका सेकंदाला किती विनंत्यांची चाचणी घेतली आणि सर्वांत हळू १ टक्का लोकांना किती वेळ लागला? सर्व्हर सरकारी पैशांतून, म्हणजे आपल्याच पैशांतून येतो. हे दोन आकडे निकालाच्या तारखेसोबत जाहीर व्हायला काय हरकत आहे?