सर्वोत्तम फुटबॉल मॅनेजर कोण? नुसत्या ट्रॉफ्या मोजून कळणार नाही!

मॅनेजर म्हणून चॅम्पियन्स लीग 5 वेळा जिंकणारे एकटे कार्लो अँचेलोटी. पेप गार्डिओलांच्या नावावर 3. मग वाद मिटला? मला नाही वाटत. अँचेलोटींची पाचही जेतेपदं एसी मिलान आणि रिअल माद्रिदसोबतची. स्टार खेळाडूंची ड्रेसिंग रूम सांभाळणं सोपं नाहीच, पण क्लबचा पैसा आणि दबदबा मॅनेजरच्या खात्यात कसा धरायचा?

त्यापेक्षा संघ हाती आला तेव्हा कुठे होता, ते पाहा. ब्रायन क्लफ जानेवारी 1975 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आले, तेव्हा हा क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत अडकला होता. 1977 मध्ये पहिल्या श्रेणीत बढती, 1978 मध्ये थेट लीग विजेते. 1979 आणि 1980 मध्ये युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. फॉरेस्टने देशातली लीग एकदाच जिंकलीय, युरोप मात्र दोनदा! माझं मत क्लफ यांनाच.

आता एवढा वेळ देतं कोण? लेस्टरला 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरींना पुढच्याच फेब्रुवारीत नारळ मिळाला. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, पहिली ट्रॉफी 1990 मध्ये. आजचे मालक असते तर त्यांनाही 1989 मध्येच घरी पाठवलं असतं.