बाळंतपण कुणाच्या हजेरीपटावर?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या आजच्या छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरात कुसुमबाई खाण कामगारांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष होत्या. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या सोबतीनं हजारो ठेका कामगारांसाठी भांडणारी ही बाई बाळंतपणात गेली. वेळेवर नीट उपचार झाले नाहीत, असं म्हणत कामगार रस्त्यावर उतरले आणि आपला दवाखाना आपणच बांधायचा, असं ठरवूनच परतले. १९८३ साली वर्गणी आणि श्रमदानातून शहीद रुग्णालय सुरू झालं. नाव १९७७च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या ११ कामगारांचं. निमित्त मात्र एका बाळंतपणाचं.

तेव्हापासून पुष्कळ बदललं. २००२पासून गावोगावी 'मितानिन', म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. पुढे देशभर नेमलेल्या 'आशा' त्यांच्याच वाटेनं गेल्या. छत्तीसगडमध्ये २००५-०६ साली शंभरातली जेमतेम १४ बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१मध्ये ती ८५वर गेली. तरीही २०१८-२०च्या आकडेवारीत लाखभर जिवंत जन्मांमागे तिथे १३७ माता दगावल्या. शेजारच्या महाराष्ट्रात ३३.

दवाखान्याचं दार गाठलं तरी आधीचे नऊ महिने कुठे आणि कसे गेले, ते सुटत नाही.

भिलाईच्या टाउनशिपमध्ये कायम नोकरीतल्या माणसाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर सेक्टर ९च्या रुग्णालयात नाव घालायचं आणि निश्चिंत व्हायचं. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या मजूर बाईला, इथल्या बोलीत 'रेजा'ला, आधी रोजीचा विचार करावा लागतो. तपासणीला गेली की दिवस बुडाला. कार्डावर हिमोग्लोबिन आठ लिहिलेलं असतं, लोहाच्या गोळ्या पदरात पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई विटा घेऊन शिडी चढते. छठीला शेजारणी कौतुकानं सुंठ-गुळाचं कांके पानी करतात, आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवासारखं. पण घरात रोजी येत नसेल तर बाळंतीण सव्वा महिना तरी टेकणार कशी?

कायदा तिच्या बाजूनं आहे, निदान कागदावर. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्याआधीच्या वर्षात ८० दिवस काम केलेलं पुरतं. पण ते ८० दिवस दाखवणार कोण? हजेरीपट ठेकेदाराच्या ताब्यात, आणि पोट दिसू लागलं की नाव गळतं. मग उरते पहिल्या बाळासाठीची ५ हजारांची सरकारी मदत. त्या पैशात सहा महिने काढून दाखवावेत, असं आव्हान एखाद्या आमदाराला द्यायला हरकत नाही.

ठेकेदाराचं बिल मंजूर करताना कंपन्या भविष्यनिर्वाह निधीची पावती मागतात. त्याच टेबलावर किती बायकांना मातृत्व रजेचा पगार दिला, याचा हिशेबही मागावा आणि तो मिळेपर्यंत बिल अडवून ठेवावं.