मातीचा फंडा

हॉट रॉड म्हणजे ज्वाळा रंगवलेली झक्कास गाडी, एवढंच माहितीये ना? मग लॉस एंजेलिसला एखादा जुना मशिनिस्ट गाठाच. मी भेटले ते आजोबा पंच्याऐंशीचे. समोर १९३२ च्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन. मूळ ताकद जेमतेम ६५ हॉर्सपॉवर! म्हणून १९४० च्या दशकातली पोरं मडगार्ड काढायची, सिलिंडर बोअर करायची, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायची आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर सुसाट सुटायची.

पण हेड जास्त घासलं तर व्हॉल्व्ह त्यावर आपटतो. आजोबांची ट्रिक? व्हॉल्व्हवर मऊ माती ठेवायची, हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं, मग दबलेल्या मातीची जाडी मोजायची. कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही, बॉस!

‘शिकायला कोण येतं?’ मी विचारलं.

‘कोणी नाही. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे.’