बार्बाडोस : राजसत्ता गेली, वारसा उरला

ब्रिजटाउनच्या मुख्य चौकात आता नेल्सनचा पुतळा सापडत नाही. १८१३ साली, म्हणजे लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात नेल्सन स्तंभ उभा राहण्याच्या कितीतरी आधी बसवलेला हा पुतळा नोव्हेंबर २०२० मध्ये हटवण्यात आला. चौकाचे ‘ट्रॅफल्गर’ हे नाव तर १९९९ मध्येच बदलून ‘नॅशनल हीरोज स्क्वेअर’ झाले होते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, स्वातंत्र्याला ५५ वर्षे होत असताना, बार्बाडोसने ब्रिटिश राणीचे राष्ट्रप्रमुखपद संपवले आणि सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. चार्ल्स त्या सोहळ्याला पाहुणे म्हणून हजर होते.

पर्यटकाला मात्र ‘लिटल इंग्लंड’ पदोपदी भेटते. वाहने डावीकडून धावतात, गॅरिसनच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होतात आणि मोठ्या संख्येने पाहुणे ब्रिटनमधून येतात. जुने ब्रिजटाउन व गॅरिसन यांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. अवघ्या ४३० चौरस किलोमीटरच्या या बेटाची अर्थव्यवस्था प्रामुख्याने पर्यटनावर चालते. साहजिकच वसाहतकाळ पुसून टाकणे तिला परवडणारे नाही.

खरा पेच उसाच्या मळ्यांत आहे. इंग्रजांनी १६२७ मध्ये येथे वस्ती केली आणि १६६१ मध्ये गुलामांसाठी असा कायदा केला, की जमैकासारख्या वसाहतींनी त्याचाच कित्ता गिरवला. आज मळ्यांवरील दगडी हवेल्या आणि जुन्या रमच्या भट्ट्या तिकीट काढून पाहता येतात. न्यूटन मळ्यातील गुलामांच्या दफनभूमीकडे मात्र सहलींच्या बसगाड्या त्या मानाने कमीच वळतात. तेथे स्मारक उभारण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. ड्रॅक्स हॉल या मळ्याची जमीन घरबांधणीसाठी ब्रिटनमधील वारसदाराकडून विकत घेण्याचा सरकारचा बेत होता. गुलामांच्या श्रमावर पोसलेल्या घराण्याला पुन्हा पैसे का मोजायचे, असा सवाल करीत लोक संतापले आणि एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान मिया मोटली यांना व्यवहार थांबवावा लागला.

मराठी वाचकाला ब्रिजटाउन ठाऊक आहे ते केन्सिंग्टन ओव्हलमुळे. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने तेथेच टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. मग वादळामुळे संघ काही दिवस बेटावरच अडकला. क्रिकेट हेही साहेबाचेच देणे, पण ते हटवण्याची मागणी बार्बाडोसमध्ये कोणी करीत नाही!