क्लचचा प्ले आणि अब्बांचा पाना

मारुती ८०० चा क्लच घरच्या घरी कसा अ‍ॅडजस्ट करायचा यावर मी कधी लिहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. मी शाळेत मराठी शिकवतो. या जागेवर मी आजवर जे लिहिलं त्यात पाना, नट, ग्रीस असले शब्द आलेले आठवत नाहीत. काही वाचक म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न आ वासून उभे असताना तुम्हाला क्लच कुठून सुचला? सुचला तो एका केबलपायी नव्हे, तर अब्बांपायी. त्यांची सगळी हयात कोल्हापुरात, उद्यमनगरच्या आसपासच्या गॅरेजांत गेली. आणि त्यांच्या मुलाला, म्हणजे मला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत क्लचला 'प्ले' म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, कारण माहीत होऊ दिलं नव्हतं. लहानपणी गॅरेजमध्ये डबा घेऊन गेलो आणि एखादा पाना उचलला की अब्बा ओरडायचे, "नक्को हात लगाऊ. तू किताब पकड." घरात अभ्यास केला नाही तर एकच धमकी असायची, गॅरेजला टाकीन. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच धमकी होती. ज्या धंद्यावर घर चालत होतं, फी भरली जात होती, ईदचे कपडे येत होते, तोच धंदा आम्हा मुलांसाठी शिक्षा म्हणून वापरला जात होता. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

माझ्याकडची ८०० जुनी आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षं. मास्तरांची, कारकुनांची, छोट्या दुकानदारांची पहिली गाडी बहुतेक वेळा हीच. ७९६ सीसीचं इंजिन, आणि क्लच ओढायला एक साधी तारेची केबल. तेल नाही, पंप नाही. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सवरची दांडी ओढते, दांडी आतलं बेअरिंग पुढे ढकलते, ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पात्यांवर दाब देतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. पाय काढला की पाती मागे येतात आणि प्लेट पुन्हा घट्ट आवळली जाते. एवढाच कारभार.

माझ्या गाडीचा रिव्हर्स गिअर टाकताना खर्र असा आवाज यायला लागला. पहिला गिअरही कुरकुरायचा. मी शाळेच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत केबल टाइट केली आणि चहाचे पैसे घेतले. गिअर लोण्यासारखे पडायला लागले. मी खूश. सहा-सात महिन्यांनी पन्हाळ्याचा घाट चढताना मात्र गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिनचा आवाज वाढतोय, वेग वाढत नाही आणि काहीतरी जळाल्याचा वास. पुन्हा त्याच गॅरेजला गेलो. "क्लच सुटलाय सर, अजून जरा टाइट करतो," असं म्हणून त्याने आणखी टाइट केला. आठ दिवसांत गाडी सपाट रस्त्यावरही ओढेना. मग पूर्ण क्लच सेट. माझ्या पगारात तो खर्च जाणवण्याइतका होता.

अब्बांना मी हे सगळं झाल्यावर सांगितलं. तेव्हा त्यांनी काम सोडून चार वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "प्ले बघितला होता का कुणी?" मी विचारलं, प्ले म्हणजे? ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. ओशाळले, असं मला आज वाटतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक गाडीवाले आणि बरेच नवशिके मिस्त्रीही नेमके इथेच फसतात. पेडलला सुरुवातीला थोडी ढील असते. बोटाने दाबलं की ते अल्लाद खाली जातं आणि मग एका जागी जड लागतं. ही अल्लाद जाणारी जागा म्हणजे प्ले. त्याचा अर्थ असा की पाय काढलेला असताना बेअरिंग पात्यांना टेकलेलं नाही, प्लेट पूर्ण आवळलेली आहे. आता गंमत पाहा. केबल जुनी होऊन ताणली की प्ले वाढतो. पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नाही, म्हणून गिअर खरखरतात. पण क्लच प्लेट झिजली की उलटं होतं, प्ले कमी होतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट तिच्यामागे पुढे सरकते आणि तिच्या पात्यांची टोकं मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणजे झिजेची खूण ढिलाई नसून घट्टपणा असते. 'क्लच झिजला, आता टाइट करा' हे वाक्य कानाला अगदी बरोबर वाटतं आणि पुरतं चुकीचं आहे. प्ले संपलेला असताना आणखी टाइट केलं की बेअरिंग पात्यांवर कायम दाब देऊन बसतं. प्लेट अर्धवट आवळलेली राहते, घसरते, तापते, आणखी झिजते, प्ले आणखी कमी होतो. माझ्या गाडीत हेच झालं. पहिल्या वेळी टाइट करणं बरोबर होतं, पण ते मापाबाहेर केलं. दुसऱ्या वेळी टाइट करणं म्हणजे जळत्या घराला कुलूप लावण्यातला प्रकार.

नवी प्लेट बसल्यानंतरच्या रविवारी अब्बांनी अंगणात खुर्ची मागवली. गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड, हॅण्डब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. मला म्हणाले, पायाने नाही, हाताने दाब. पायाला बुटाचा तळवा असतो, त्याला काही कळत नाही. मी ड्रायव्हरच्या दारातून गुडघ्यावर वाकलो, पेडलच्या बाजूला मुलीची फूटपट्टी उभी धरली आणि दोन बोटांनी पेडल दाबत गेलो. जड लागलं तिथे आकडा वाचला. साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर प्ले असावा. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तोच धरावा.

मग बॉनेट. गिअरबॉक्सवरच्या दांडीपाशी केबलचं टोक येतं, त्याला आटे असतात आणि त्यावर नट. काही गाड्यांत त्याला धरून ठेवणारा लॉकनटही असतो, तो आधी सोडायचा. नट आवळला की केबल ओढली जाते आणि प्ले कमी होतो. नट सोडला की प्ले वाढतो. एका वेळी अर्धा वेढा. मग पुन्हा आत जाऊन फूटपट्टी. मला दोन-तीन वेढे फिरवून मोकळं व्हायचं होतं. अब्बांनी मला अकरा वेळा आत-बाहेर करायला लावलं, मी मोजलं. मधेच त्यांनी केबल पूर्ण लांबीभर बघायला सांगितली. कुठे तीक्ष्ण वळण आहे का, टोकाशी तारा तुटून केसांसारख्या बाहेर आल्यात का. एक जरी तार तुटलेली दिसली तर अ‍ॅडजस्ट करत बसू नये, केबलच बदलावी. ती तुटते तेव्हा भर चौकातच तुटते. आटे सगळे वापरून झाले आणि तरी माप येत नसेल, तरीही तेच. आणि घाटात घसरणाऱ्या गाडीचा प्ले मापात निघाला तर नटाला हात लावू नये. रोग आत आहे, मिस्त्रीकडे जावं.

शेवटी इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबला, दोन-तीन सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. आवाज आला नाही. गल्लीबाहेरच्या चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन आणि गाडी बरोबरीने वाढली. अब्बा खुर्चीवरूनच म्हणाले, "अब पाव क्लचपे रखके गाडी नक्को चला." तीही माझी सवय होती. त्यांना ती न सांगताच कळली होती.

(हे सगळं केबलच्या क्लचचं. तुमच्या गाडीत क्लचला तेलाची डबी असेल तर तो हायड्रॉलिक आहे, त्याला हे लागू नाही. काही गाड्यांत केबल असूनही प्ले आपोआप जुळतो. आधी पुस्तक वाचा, मग पान्याला हात घाला.)

आता माझं म्हणणं. आपल्याकडे गॅरेज हे नशीबही आहे आणि लाजही. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांची नोंद केली. त्यात वाहतूक आहे, कापड आहे, तंबाखू आहे आणि वाहनदुरुस्तीही आहे. आपण तो अहवाल मागासलेपणाचा पुरावा म्हणून भाषणांत वापरला आणि ते बरोबरच होतं. पण त्या यादीकडे कौशल्याची यादी म्हणून आपण कधी पाहिलं का? प्लेट झिजली की प्ले कमी का होतो, हे ज्याला बोटाने कळतं त्याला भौतिकशास्त्र कळतं. त्याला फक्त ते त्या नावाने माहीत नाही. आणि मला ते नाव माहीत असून क्लच जळाला.

याचा उलटा अर्थ मात्र कुणी काढू नये. पोरांना शाळेतून काढून गॅरेजला टाका, असं मी म्हणत नाही. अब्बा अकराव्या वर्षी 'छोटू' झाले. पाना चुकीचा दिला म्हणून उस्तादाने फेकून मारलेल्या त्याच पान्याची खूण त्यांच्या भुवईवर शेवटपर्यंत होती. त्या उस्तादगिरीचे गोडवे गाणारे लेख मी वाचलेत, ते लिहिणाऱ्यांच्या भुवया शाबूत असाव्यात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने बंद आहे, काही मोजके अपवाद सोडले तर. तरी आजही गाडी दुरुस्तीला लावली की बॉनेटखाली वाकलेलं डोकं आठवीतल्या पोराचं निघतं आणि आपण त्याला दहा रुपये टेकवून निघून येतो. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लीम बोर्डिंगला बळ दिलं, त्या शहरात.

माझा आक्षेप आहे तो शिक्षण आणि हात यांच्यात आपण घातलेल्या भिंतीला. दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वीस वर्षं काम केलेल्या, पण कागद नसलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. आमच्या जमातींच्या सभांत स्पर्धा परीक्षांची व्याख्यानं होतात, व्हावीत. पण ही माहिती सांगणारं एकही व्याख्यान मी ऐकलेलं नाही. मी स्वतः ते दिलेलं नाही, हेही कबूल करतो.

आणि वेळ कमी आहे. ज्या जानेवारीत ८०० बंद झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याच कंपनीने क्लचचं पेडलच नसलेली छोटी गाडी बाजारात आणली. विजेच्या गाडीत तर क्लच औषधालाही नाही. कानाने आणि बोटाने शिकलेल्या पोरापुढे उद्या लॅपटॉप लावून वाचायची गाडी येणार आहे, आणि ती त्याच्या दारात यायच्या आधी कंपनीच्या शोरूमकडे वळणार आहे.

एक मित्र म्हणाला, तू घरी क्लच लावायला लागलास तर गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो. मला हे पटत नाही. प्ले लावण्याचे मिस्त्री जेमतेम चहाचे पैसे घेतो, पुष्कळदा तेही घेत नाही. उलट मी आता त्याच्याकडे जातो तेव्हा नुसतं 'आवाज येतोय' म्हणत नाही. प्ले इतका आहे, केबल दोन वर्षांची आहे, घाटात घसरते, असं सांगतो. तो पहिल्यांदा चमकला. आता तो मला खुर्ची देत नाही, टॉर्च धरायला देतो.

अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे पाने पत्र्याच्या पेटीत आहेत, काहींवरचे नंबर झिजून गेलेत. माझी मुलगी नववीत आहे. गेल्या रविवारी तिने दारातून वाकून पेडल दाबलं, मी पट्टी वाचली. अठरा मिलिमीटर. तिला ते पटलं नाही, म्हणून मी दाबलं आणि तिने वाचलं. सतरा. वहीत तिने सतरा लिहिलं, तारीख टाकली आणि हात धुवायला गेली.